अवगोलेमोनो: ग्रीक पद्धतीचे लिंबू घातलेले कोंबडीचे सूप

ग्रीसमध्ये थंडी पडली, घरात कोणी सर्दी-तापाने अंथरूण धरले किंवा नाताळाआधीचा ४० दिवसांचा उपवास सुटला, की अनेक घरांत कोंबडीचे एक सूप हमखास चुलीवर चढते. त्याला ‘कोतोसूपा अवगोलेमोनो’ म्हणतात. कोंबडीचे पाणी, त्यात मऊ शिजवलेला थोडासा तांदूळ आणि अगदी शेवटी घातलेले फेटलेल्या अंड्याचे व लिंबाच्या रसाचे मिश्रण, एवढाच त्याचा ऐवज असतो. त्यात दूध, साय किंवा मैदा यांपैकी काहीही नसते, तरीही नीट जमलेले सूप सायीसारखे गुळगुळीत लागते आणि जिभेवर आंबट-खारट चव बराच वेळ रेंगाळते.

अंडे आणि लिंबू यांचे हे मिश्रण म्हणजेच ‘अवगोलेमोनो’ होय, आणि ग्रीक स्वयंपाकात ते या एकाच सुपापुरते नसते. ईस्टरच्या आदल्या मध्यरात्रीची प्रार्थना आटोपून घरी आल्यावर खातात ते कोकराच्या काळीज-आतड्यांचे ‘मायिरित्सा’, तांदूळ घालून केलेल्या खिम्याच्या गोळ्यांचे ‘युवारलाकिया’, कोबीच्या पानांत सारण भरून केलेल्या गुंडाळ्या, या सगळ्यांचा शेवट याच मिश्रणाने होतो. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या तुर्की आणि सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या) ज्यू घरांतही याची भावंडे आढळतात. त्यामुळे एकदा या सुपावर हात बसला, की पुढचे बरेच पदार्थ आपोआप आवाक्यात येतात.

नवख्या माणसाला या पाककृतीत एकाच ठिकाणी दगा बसतो, तो म्हणजे अंडे गरम पाण्यात मिसळताना. तेथे घाई झाली, तर गुळगुळीत सुपाऐवजी पिवळट पाण्यात तरंगणारी अंड्याची चिंधी हाती येते. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तरी सावरता येतात. म्हणून पुढे मी कोंबडी आणि तांदूळ यांविषयी आवश्यक तेवढेच सांगितले असून अंड्याच्या पायरीवर मुद्दाम अधिक वेळ खर्च केला आहे.

कोंबडी निवडताना

चार ते पाच जणांसाठी साधारण सव्वा किलो वजनाची, साफ केलेली एक अख्खी कोंबडी पुरेशी होते. आपल्याकडचा दुकानदार न सांगता कातडी सोलून आणि रश्श्यासाठी करतात तसे बारीक तुकडे करून देतो, आणि या सुपासाठी दोन्ही गोष्टी गैरसोयीच्या आहेत. कातडीतली चरबी आणि चिकटपणा यांमुळे पाण्याला अंगचा दाटपणा येतो, तर बारीक तोडलेल्या हाडांच्या कपच्या गाळूनही सुपात उरतात आणि खाताना दाताखाली येतात. म्हणून कातडी ठेवायला सांगावे आणि कोंबडी अख्खी किंवा फार तर चार मोठ्या तुकड्यांत घ्यावी. कातडीसकट कोंबडी मिळत नसेल, तर साफ केलेले कोंबडीचे तीन-चार पाय बरोबर मागून घ्यावेत, कारण पायांत हा चिकटपणा भरपूर असतो.

ग्रीक घरांत या सुपासाठी परंपरेने कोवळी कोंबडी न घेता जून कोंबडी घेतली जाई. ‘म्हाताऱ्या कोंबडीतच खरा रस असतो’ अशी तिकडे म्हणच आहे, जी स्वयंपाकघरापेक्षा वयस्क बायकांच्या बाजूने बोलताना अधिक वापरली जाते. आपल्याकडची गावरान कोंबडी या कामाला उत्तम आहे. मात्र ब्रॉयलर तासाभरात शिजते, तेथे जून गावरान कोंबडीला मंद आचेवर दोन ते अडीच तास द्यावे लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने ब्रॉयलरच घ्यावी असे मला वाटते, म्हणजे सगळे लक्ष अंड्यासाठी शिल्लक राहते.

पाणी उतरवणे

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात कोंबडी ठेवून वर अडीच लिटर थंड पाणी घालावे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई उडालेले पितळेचे भांडे येथे वापरू नये, कारण शेवटी लिंबू त्याच भांड्यात पडणार आहे. पाणी थंडच असावे आणि ते मध्यम आचेवर सावकाश तापावे, म्हणजे मांसातला मळकट फेस हळूहळू वर येतो आणि तो झाऱ्याने काढून टाकता येतो. उकळी फुटायच्या बेतात असताना हा फेस सर्वाधिक असतो. तो नीट काढल्यानंतरच बाकीचे जिन्नस घालावेत: सोलून दोन भाग केलेला एक मोठा कांदा, एक गाजर, मिळाल्यास पानांसकट सेलरीची एक काडी, आठ-दहा काळे मिरे आणि दोन लहान चमचे मीठ.

यापलीकडे काही घालायचे नाही. आपला हात सवयीने आले-लसणाकडे, हळदीकडे आणि कोथिंबिरीच्या काड्यांकडे जातो, तो येथे आवरावा लागतो. लसूण आणि आले अंड्याची सौम्य चव झाकून टाकतात, आणि या सुपाचा फिका पिवळा रंग बलकातूनच यायला हवा, भले तो हळदीइतका उठावदार नसेना. ग्रीक स्वयंपाकी पुष्कळदा यात एक तमालपत्र टाकतात, पण त्यांचे पान भूमध्य प्रदेशातल्या वेगळ्या झाडाचे असते. आपल्या वाण्याकडे मिळणारे तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असून त्याला तसाच गोडसर मसालेदार वास येतो, म्हणून ते न घातलेलेच बरे.

पहिली उकळी आली, की आच अगदी बारीक करावी आणि झाकण थोडे तिरके ठेवावे. पाण्याच्या पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटत असावा. खळखळ उकळी असता कामा नये, कारण तिने चरबी पाण्यात मिसळून पाणी गढूळ आणि तोंडाला तेलकट लागते, शिवाय छातीचे मांस दोऱ्यासारखे होते. ब्रॉयलरला या आचेवर ५० मिनिटे ते एक तास पुरतो. मांडीचे मांस हाडापासून सहज सुटू लागले, की कोंबडी शिजली असे समजावे. प्रेशर कुकरचा मोह अनेकांना होईल आणि गावरान कोंबडीच्या बाबतीत तो रास्तही आहे. कुकरमधले पाणी थोडे गढूळ होते, पण अंडे पडल्यावर सूप तसेही पारदर्शक राहत नसल्याने फारसे बिघडत नाही.

कोंबडी ताटात काढून कोमट होऊ द्यावी आणि पाणी बारीक गाळणीतून गाळून घ्यावे. शिजलेला कांदा आणि सेलरी यांतला रस आता पाण्यात उतरलेला असतो, म्हणून ती टाकून द्यावीत. गाजर हवे तर बारीक चिरून पुढे सुपात घालता येते. गाळलेले पाणी मोजून दीड लिटर घ्यावे, कमी भरले तर गरम पाणी घालावे. वर तरंगणाऱ्या चरबीपैकी बरीचशी डावाने काढावी, पण सगळी काढू नये. दोन-तीन चमचे चरबी राहिली, तर चवीला भरीवपणा येतो. मांसाचे हाताने लांबट तुकडे करून ते झाकून ठेवावेत, नाहीतर वाऱ्याने ते कोरडे पडतात.

तांदूळ

ग्रीसमध्ये सुपासाठी आखूड, गोलसर, शिजल्यावर चिकटणारा तांदूळ घेतात, कारण त्यातून सुटणारा स्टार्च पाण्याला दाटपणा देतो आणि पुढे अंड्यालाही सांभाळून घेतो. त्यामुळे बासमती येथे निरुपयोगी ठरतो. आपल्याकडचा इंद्रायणी या कामाला चांगला आहे, आणि आंबेमोहोरही चालतो. या तांदळांचा स्वतःचा सुवास सुपात किंचित जाणवतो, पण तो खटकत नाही. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना रिसोट्टोसाठी मिळणारा आर्बोरिओ तांदूळ वापरता येईल. काही ग्रीक घरांत तांदळाऐवजी ‘क्रिथाराकी’, म्हणजे तांदळाच्या आकाराचा बारीक पास्ता घालतात.

दीड लिटर पाण्याला १०० ग्रॅम तांदूळ घ्यावा आणि तो एकाच पाण्याने वरवर धुवावा. चोळून चोळून धुतला, तर हवा असलेला स्टार्च मोरीत जातो. गाळलेल्या पाण्याला पुन्हा उकळी आणून त्यात तांदूळ सोडावा आणि मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटे शिजू द्यावा, अधूनमधून तळापर्यंत ढवळत राहावे. भातासाठी आपण ज्या टप्प्यावर गॅस बंद करतो त्याच्या थोडे पुढे जावे, म्हणजे दाणे मऊ होऊन फुलतात आणि पाणी किंचित पिठूळ दिसू लागते. आता कोंबडीचे तुकडे घालून दोन मिनिटे तापवावेत आणि गॅस पूर्ण बंद करावा.

लिंबू आणि अंडी

ग्रीसमधले लिंबू म्हणजे मोठे, पिवळे, जाड सालीचे फळ. आपले कागदी लिंबू त्याच्याहून लहान, पातळ सालीचे आणि चवीला अधिक झणझणीत आंबट असते. त्यामुळे परदेशी पाककृतीतले ‘दोन लिंबांचा रस’ हे प्रमाण आपल्याकडे तसेच्या तसे लागू पडत नाही. रस मोजूनच घ्यावा. तीन अंड्यांना ६० मिलिलिटर, म्हणजे चार मोठे चमचे रस लागतो, आणि तेवढा रस साधारण चार मध्यम कागदी लिंबांतून निघतो. लिंबे ओट्यावर तळहाताने दाबून फिरवावीत, म्हणजे रस सहज सुटतो, पण पिळताना साल चिरडेपर्यंत जोर लावू नये, कारण सालीतला कडूपणा सुपात लगेच कळतो. बिया गाळून काढाव्यात. बाटलीतला तयार रस मात्र वापरू नये. येथे लिंबू हाच मुख्य मसाला आहे, आणि शिळ्या रसाला लपायला जागा नाही.

अंडी तीन घ्यावीत आणि कोंबडी शिजत असतानाच फ्रिजबाहेर काढून ठेवावीत. थंडगार अंड्यावर गरम पाणी पडले, की आधी ते थंड राहते आणि मग एकदम तापते, त्यामुळे आच सांभाळणे अवघड होते.

आता या पायरीचे शास्त्र थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे ठरेल. नुसत्या अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होऊ लागतो आणि बलक त्यानंतर, ६५ ते ७० अंशांच्या आसपास. अंडे भरपूर पाण्यात पातळ केले, तर हेच तापमान वर सरकते. अंड्यातली प्रथिने एकमेकांपासून दूर विखुरलेली असल्यामुळे ती ७५ ते ८० अंशांपर्यंत सैल जाळे विणून पाण्याला दाट करतात. त्याच्या बरेच वर तापमान गेले, की ती आकसून गुठळ्या धरतात आणि पाणी वेगळे पडते. ताकाची कढी करणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. कढी सतत ढवळत तापवायची, वाफा निघू लागल्या की उतरवायची आणि जोराची उकळी येऊ द्यायची नाही, हा नियम आणि ती फुटू नये म्हणून लावलेले बेसन, या दोन्हींचे काम येथे अनुक्रमे मंद आच आणि तांदळाचा स्टार्च करतात.

गॅस बंद केल्यावर पातेले झाकण न ठेवता पाच ते सात मिनिटे तसेच राहू द्यावे. तेवढ्या वेळात अंडी फेटून होतात. एका मोठ्या, खोलगट वाडग्यात आधी फक्त पांढरा भाग चिमूटभर मीठ घालून फेटावा. तारेचे व्हिस्क असेल तर उत्तम, नसेल तर रवीनेही काम भागते. पांढरा भाग फुलून मऊ फेस झाला, की त्यात बलक घालून एकजीव करावेत आणि मग लिंबाचा रस बारीक धारेने, फेटणे न थांबवता घालावा. काही जण अख्खी अंडी एकदमच फेटतात, आणि घाईच्या दिवशी तेही चालते. मात्र पांढरा भाग वेगळा फेटल्याने सूप हलके होते आणि त्याच्या न फेटलेल्या पांढऱ्या तारा सुपात दिसत नाहीत, म्हणून मी हीच पद्धत सुचवीन. खानावळींत बरेचदा मिश्रणात चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळतात. त्याने फुटण्याची भीती कमी होते, पण सुपाला किंचित पिठाळ चव येते.

आता पातेल्यातले फक्त पाणी, शक्यतो तांदूळ न येऊ देता, पळीत घ्यावे आणि अगदी बारीक धारेने वाडग्यात सोडावे. दुसऱ्या हाताने फेटणे सतत चालू असावे. पहिली पळी सर्वांत सावकाश घालायची असते आणि तिला अर्धे मिनिट तरी लागायला हवे. दुसरी पळी थोडी भरभर घातली तरी चालते. तीन ते चार पळ्या पाणी गेल्यावर वाडग्याला बाहेरून हात लावून पाहावा. वाडगा चांगला गरम लागला, मिश्रण पातळ झाले आणि त्यावर बारीक फेस असला, तर अंडे पातेल्यात जायला तयार झाले. वाडगा नुसता कोमट लागत असेल, तर आणखी एक पळी घालावी. नवशिके येथेच अधीर होतात, आणि बहुतेक सुपे येथेच फुटतात.

ग्रीसमध्ये जुन्या बायका हे मिश्रण पातेल्यात ओतताना ओठांनी मुके घेतल्यासारखा चुटचुट आवाज करतात, म्हणजे म्हणे अंडे फुटत नाही. त्यामागे शास्त्र शोधायला जाऊ नये, पण तो आवाज करत राहणारी बाई आपोआप सावकाश ओतते, एवढे मात्र खरे.

वाडग्यातले सगळे मिश्रण पातेल्यात एका हाताने ओतावे आणि दुसऱ्या हाताने सूप तळापासून हलकेच ढवळावे. मग पातेले गॅसच्या सर्वांत लहान शेगडीवर, सर्वांत बारीक आचेवर ठेवून तीन-चार मिनिटे न थांबता ढवळत राहावे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास ७५ अंश दिसताच पातेले उतरवावे. घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वृद्ध जेवणार असतील, तर अंड्यातले जंतू मरण्यासाठीही हे तापमान गाठणे आवश्यक आहे. थर्मामीटर नसेल, तर लाकडी चमचा सुपात बुडवून त्याच्या पाठीवरून बोट ओढावे. बोटाची रेघ तशीच राहिली आणि तिच्या कडा ओघळून मिटल्या नाहीत, तर सूप झाले. कडेने बुडबुडे दिसू लागले, तर मात्र क्षणाचाही विचार न करता पातेले खाली घ्यावे आणि ढवळणे चालू ठेवावे, कारण जाड बुडाचे भांडे उतरवल्यावरही काही वेळ तापतच राहते.

मीठ याच टप्प्यावर पुन्हा चाखावे. लिंबामुळे मिठाची चव बदलते आणि आधी पुरेसे वाटलेले मीठ आता बहुधा कमी लागते. आंबटपणा कमी वाटला, तर वाढताना लिंबाची फोड द्यावी. सूप अती आंबट झाले असेल, तर साखर न घालता थोडे गरम पाणी किंवा राखून ठेवलेले कोंबडीचे पाणी मिसळावे.

वाढणे, सावरणे आणि उरलेले सूप

सूप पाच मिनिटे मुरू द्यावे आणि खोलगट ताटलीत, वर ताजी मिरपूड घालून वाढावे. बडीशेपेसारख्या पानांची शेपू ग्रीक लोक मायिरित्सात भरपूर घालतात, पण कोंबडीच्या सुपात ती अनेक घरांत वर्ज्य असते. कोंबडीचे तुकडे सुपातच घालावेत असेही नाही. पुष्कळ ठिकाणी आधी फक्त भाताचे सूप देतात आणि मागाहून कोंबडी वेगळ्या ताटात, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून वाढतात. सोबतीला जाड सालीचा पाव हवा. गोव्यात राहणाऱ्यांनी ताजी पोई आणावी, तिच्या कोंड्याच्या चवीशी हे सूप छान जमते. मऊ लादीपाव मात्र लगेच लगदा होतो.

इतके करूनही अंडे फुटलेच, तर सूप टाकून देण्याचे कारण नाही, कारण चव बिघडत नाही, फक्त रूप बिघडते. सूप गाळून भात व मांस बाजूला करावे आणि पाणी थोडे निवल्यावर मिक्सरमधून फिरवून घ्यावे. गरम द्रव मिक्सरमध्ये अर्ध्याहून अधिक भरू नये आणि झाकण फडक्याने धरावे. गुठळ्या मोडून सूप बरेच सावरते, मूळचा रेशमीपणा मात्र परत येत नाही. मग भात आणि मांस पुन्हा घालून सूप बारीक आचेवर, उकळी न आणता गरम करावे.

सगळे सूप एकाच जेवणाला संपणार नसेल, तर अंडे-लिंबू संपूर्ण पातेल्यात घालूच नये. तांदूळ आणि मांस शिजवलेले पाणी वेगळे काढून, निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. ते दोन दिवस चांगले राहते. जेवायच्या वेळी लागेल तेवढेच काढून खळखळून उकळावे, मग पाच मिनिटे थांबून अर्ध्या लिटरला एक अंडे आणि २० मिलिलिटर रस या प्रमाणात ताजे मिश्रण करून घालावे. अंडे घातलेले सूप उरलेच, तर दुसऱ्या दिवशी भात पाणी शोषून ते खिचडीइतके घट्ट झालेले आढळेल. त्यात थोडे गरम पाणी घालून ते अगदी बारीक आचेवर, ढवळत, वाफा येईपर्यंतच तापवावे. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे असल्यास अर्धा-अर्धा मिनिट तापवून दर वेळी बाहेर काढून ढवळावे, कारण कडेचे सूप मधल्या सुपाच्या कितीतरी आधी उकळते आणि तेथूनच ते फुटायला लागते.